चेंबरले सिलिकॉन लावताना

भाऊ, इंजिनच्या बुडाच्या ऑइल चेंबरच्या जोडाले जास्त सिलिकॉन (गळती थांबवणारी पेस्ट) लावलं म्हणजे ऑइल गळत नाही, हे पहिले डोक्यातून काढ. चेंबर कसला की जास्तीचं आतही निघते, त्याचे तुकडे तुटून स्ट्रेनरच्या (ऑइलच्या गाळणीच्या) जाळीत बसतात, ऑइल वर चढत नाही अन् बेअरिंग जाते, मी उघडलेल्या एका चेंबरात जाळीवर शेवयांसारखे चिकटले होते. जुना थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडजो, अ‍ॅल्युमिनियमले पटाशी लावू नको बाप्पा! थिनरनं पुसल्यावर कॉटन वेस्टचा एकही धागा राहू देऊ नको. मग सिलिकॉनची २-३ मिमीची सलग दोरी, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. पावसाळ्यात सिलिकॉनवर साय लवकर धरते, म्हणून बोल्ट हाताशीच ठेवजो, आडवेतिडवे थोडे थोडे कसजो. ऑइल २४ तासांनी टाकजो, गिऱ्हाईक कितीही घाई करो.