पॉइंट किती मिळतात ते नंतर, कशावर मिळत नाहीत ते आधी बघा

ताई, मॉलमधल्या क्रेडिट कार्डाच्या स्टॉलवर तुम्हाला सांगितलं की वर्षाला तीन लाख खर्च केले की फी माफ. आणि तुम्ही विचारताय की नागपुरातल्या मनीषनगरच्या घराचं भाडंही कार्डावरून भरलं तर तीन लाख आरामात होतील ना. हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच ऐकून मीही कार्ड घेतलं होतं.

बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं, कार्डाने एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यात जात नाही.

माझ्या कार्डाची वार्षिक फी 5,000, जीएसटी धरून 5,900. स्टॉलवरच्या मुलाने पत्रकाच्या मागे निळ्या पेनाने लिहून दिलं होतं, ‘3 लाख - फी झिरो’. वर्षभरात मी 4,12,000 रुपये त्या कार्डावर खर्च केले आणि निर्धास्त राहिलो. तेराव्या महिन्याच्या बिलात 5,900 लागून आले. अटी काढून वाचल्या तेव्हा कळलं, घरभाड्याचे 1,92,000 आणि पेट्रोलचे 40,000 मोजणीतच धरत नाहीत. उरले 1,80,000. त्यावर बक्षीस म्हणून 150 रुपयांना 4 पॉइंट, एका पॉइंटचे 25 पैसे, म्हणजे अख्ख्या वर्षाची कमाई 1,200 रुपये. भाडं भरायच्या ॲपने एक टक्का आणि वर जीएसटी कापला, त्यात सव्वादोन हजार आधीच गेले होते.

इथवरचं नुकसान सोसता आलं असतं. मी रागाच्या भरात ठरवलं, ही फी चुकीची आहे, भरणारच नाही. बँक ती फी काढेपर्यंत बिलच भरायचं थांबवलं. तो निळ्या अक्षरांचा कागद घेऊन बर्डीवरच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी तो उलटूनसुद्धा पाहिला नाही, तसाच माझ्याकडे सरकवला. “कार्डाचं इथून काही होत नाही, ते डिपार्टमेंट वेगळं.” कस्टमर केअर म्हणे मेल करा. मेलला उत्तर म्हणून फक्त तक्रार क्रमांक. पुन्हा शाखा, पुन्हा तेच. मे महिन्याच्या उन्हात तीन चकरा झाल्या आणि तिन्ही वेळा एकही माणूस हे प्रकरण आपलं मानायला तयार नव्हता. तिकडे लेट फी, व्याज, दोन्हींवर जीएसटी चढत होतं. शिवाय थकबाकी राहिली की व्याजमुक्त मुदतही जाते, त्यामुळे किराण्याच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं. सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, थकबाकीची नोंद झाली आणि वर्षभराने गृहकर्जाच्या वेळी ती समोर आली. घरात त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, वाद असला तरी आधी पैसे भरा, ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं मेलमध्ये लिहा आणि मग भांडा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. मला हे फार उशिरा कळलं.

आता तुमच्या निवडीबद्दल. मी बँकेतला माणूस नाही, अटी बदलत राहतात, तेव्हा हे माझं मत म्हणून घ्या. तुम्ही लिहिलेला खर्च बघता प्रवासाचे पॉइंट आणि विमानतळावरचं लाउंज देणारं महागडं कार्ड तुमच्या कामाचं नाही. सोनेगावच्या विमानतळावर आपण वर्षातून कितीदा जातो? तुमचा पैसा जातो किराणा, वीजबिल, औषधं आणि शाळेच्या फीमध्ये. मागच्या तीन महिन्यांचा खर्च वहीवर मांडा, त्यातून भाडं, पेट्रोल, सोनं आणि वॉलेटमध्ये टाकलेले पैसे खोडा. यावर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. वीजबिल आणि शाळेची फी यांचं मात्र कार्डागणिक वेगळं असतं, ते अटींमध्ये शोधा. जो आकडा उरेल त्यावर पॉइंट रुपयांत काढा आणि फीच्या शेजारी ठेवा. माझ्या मते तुम्हाला बिनफीचं साधं कॅशबॅक कार्ड पुरेल. रुपे या भारतीय कंपनीचं मिळालं तर आणखी बरं. ते यूपीआयला जोडून गोकुळपेठ बाजारातल्या दुकानदाराच्या क्यूआरवरही चालतं. फक्त तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा, भाजीवाल्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर चालत नाही. यूपीआयवर पॉइंट कमी आहेत का, तेवढं आधी बघा.

पेट्रोलचं एक राहिलं. पंपावर कार्ड वापरलं की वर जादा आकार लागतो, सरचार्ज. त्याची माफी बऱ्याच कार्डांवर ठरावीक रकमेच्या स्लिपवरच मिळते, बहुतेकदा किमान 400 रुपये. दोनशे-दोनशेचं भरू नका.

आणि कार्ड घेऊन पस्तावलात तर लोंबकळत ठेवू नका. आधी पॉइंट वापरून टाका, बाकी शून्य करा, मग बंद करायचा अर्ज लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यांना 7 कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. स्टॉलवरच्या मुलाला आजच सांगा, भाडं मोजणीत धरतात असं बँकेच्या अधिकृत मेलवरून पाठव. तो मेल येईपर्यंत सही करू नका.