अर्बानाला निघालेल्या मुलीस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अर्बानातल्या इलिनॉय विद्यापीठात शिकायला जायचा अमेरिकेचा व्हिसा झाला, म्हणजे आता बॅगेत प्रेशर कुकर बसेल का, यावर घरात खल सुरू असणार. बसेल, चेक-इनच्या बॅगेत टाक. पण त्याआधी लसीकरणाचं कार्ड शोध. इलिनॉय राज्यात एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशीचे) दोन डोस लागतात, आणि दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. जुलैअखेरीस आठवण झाली तर दुसरा डोस विमानाच्या तारखेपलीकडे जातो आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडकते. धनुर्वाताच्या डोसांमध्ये एक टीडॅपचा, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या एकत्र लशीचा, हवा. तुझ्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची चाचणी करून माग.

ही लशींची अट विद्यापीठाच्या लहरीतून आलेली नाही, राज्याचा कायदाच तसा आहे. तिथे गेल्यावर पुष्कळ गोष्टींचं मूळ असं राज्यापाशी सापडेल, म्हणून थोडा इतिहास ऐकून जा.

२ जुलै १८६२ रोजी, ऐन यादवी युद्धात, लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, राज्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं, असा तो व्यवहार. इलिनॉयचे सदस्य १६, म्हणून वाट्याला ४,८०,००० एकर आले. या कायद्याखाली देशभर वाटलेली जमीन मूळ रहिवासी जमातींकडून गेलेली होती, हेही लक्षात ठेव. कॅम्पसवर जुन्या ‘चीफ’चं, म्हणजे मूळ रहिवासी सरदाराच्या वेशातल्या विद्यापीठाच्या जुन्या प्रतीकाचं, चित्र असलेला टीशर्ट कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नकोस. ते प्रतीक विद्यापीठाने २००७ साली बंद केलं आणि त्यावरून अजून तोंडं फिरतात.

१८६७ साली संस्था स्थापन झाली तेव्हा नाव होतं इलिनॉय इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी. ‘इंडस्ट्रियल स्कूल’ म्हणजे त्या काळी वाया गेलेल्या मुलांची सुधारशाळा, त्यामुळे पदवी सांगायला विद्यार्थी लाजायचे. १८८५ साली ‘इंडस्ट्रियल’ गळालं, पण घोषवाक्य राहिलं : विद्या आणि श्रम. ग्रीन स्ट्रीट आणि राइट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘आल्मा माटर’चा, म्हणजे विद्यापीठरूपी मातेचा, ब्राँझचा पुतळा आहे. सगळे समोरून फोटो काढतात. तू मागे उभ्या दोघांकडे बघ. एक एप्रन बांधलेला कामकरी, दुसरी विद्या, आणि सिंहासनामागे दोघांनी एकमेकांचा हात धरलेला.

श्रमाची बाजू खरी बघायची तर मॉरो प्लॉट्सला जा. १८७६ पासून चालू असलेलं प्रायोगिक शेत, ऐन कॅम्पसच्या मधोमध. एका तुकड्यात तेव्हापासून दरवर्षी मक्यावर मकाच, शेजारच्या तुकड्यांत फेरपालट. फेरपालटीच्या तुकड्यातही मका असेल त्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन्हींतला मका शेजारी शेजारी बघितलास की जमिनीचा कस म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी वेगळं सांगायला नको. त्याच्या शेजारी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय बांधायची वेळ आली, तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून १९६९ साली ती इमारत चक्क जमिनीखाली घातली. दक्षिणेचा वारा सुटला की विद्यापीठाच्या गोठ्यांचा वास हॉस्टेलपर्यंत येतो. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आपल्याशी धागा आहेच. रवींद्रनाथ टागोरांचे चिरंजीव रथींद्रनाथ तिथे शेतीशास्त्र शिकले, आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात रवींद्रनाथ अर्बानात राहिले होते. पण त्याहून जवळचा धागा सोयाबीनचा. १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी सोयाबीनच्या चाचण्या घेतल्या, त्या इलिनॉयच्या मदतीने. लातूर-वाशीमकडे आज शिवारभर जे दिसतं, त्याची एक वाट तिथून गेलेली आहे.

आता पैशाचं. राज्याचं विद्यापीठ म्हणजे राज्यातल्या करदात्यांच्या मुलांना फी कमी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तू कितीही वर्षं राहिलीस तरी त्या दरात बसणार नाहीस, म्हणून ‘एक वर्ष काढलं की फी उतरते’ हा सल्ला कानाआड कर. फी वाचवायचा रस्ता असिस्टंटशिपचा, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या अर्धवेळ कामाचा. २५ ते ६७ टक्क्यांची नेमणूक मिळाली की शिकवणीची फी माफ होते. ५० टक्के म्हणजे आठवड्याला २० तास. सत्र चालू असताना तुझ्या व्हिसाची मर्यादाही तेवढीच, म्हणून वर कॅन्टीनमधले चार तास घ्यायचे नाहीत. एका गोष्टीत बरेच जण फसतात : काही व्यावसायिक मास्टर्स अभ्यासक्रम आपल्याच फीवर चालतात आणि त्यांना ही माफी लागू होत नाही. प्रवेशपत्रात नीट वाच. नसेल लिहिलं तर विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घे. शिकवायचं काम हवं असेल तर इंग्रजी बोलण्याची पात्रता सिद्ध करावी लागते, हाही राज्याचाच कायदा. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात गुण कमी पडले असतील तर तिथे तोंडी परीक्षा असते. तारखा लवकर भरतात, पहिल्याच आठवड्यात नाव दे.

एखादा विषय झेपत नाही म्हणून परस्पर सोडू नकोस. पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणाऱ्या किमान अभ्यासभाराच्या खाली गेलीस की व्हिसाचा दर्जा जातो. आधी आयएसएसएसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची, परवानगी, मग ड्रॉपचं बटण.

घराचा करार हा पहिल्या वर्षातला सगळ्यात महाग कागद. चौघींनी मिळून एकच करार केला आणि एक जण डिसेंबरात निघून गेली, तर तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या माथी येतं. शक्यतो ज्याची त्याची वेगळी सही असलेला करार बघ. जुने करार ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात, नवे बरेचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात. मधले दिवस कुठे काढायचे ते आधीच ठरव. हीटिंग विजेवर आहे का विचार, आणि मागच्या जानेवारीचं बिल माग. भाडं स्वस्त दिसतं ते अनेकदा याच बिलामुळे. सही करण्यापूर्वी विद्यापीठाचं ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग ऑफिस करार फुकट वाचून देतं. किल्ली मिळाली त्याच दिवशी गालिच्यावरचे डाग, ओव्हन, खिडक्या यांचे फोटो काढून मालकाला ईमेल कर, नाहीतर डिपॉझिट त्यातच जातं.

राइट स्ट्रीटच्या पूर्वेला अर्बाना, पश्चिमेला शॅम्पेन. गावं दोन, पार्किंगचे नियमही दोन. गाडीची घाई मात्र नको. आय-कार्ड, म्हणजे विद्यापीठाचं ओळखपत्र, दाखवलं की एमटीडी या तिथल्या बससेवेची बस फुकट आहे. दिवसा २२ क्रमांकाची असलेली ‘इलायनाय’ बस संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी २२० होते, आणि तिचा मार्ग, वेळा बदलतात. २२ची वाट बघत थंडीत गोठलेली नवी मुलं दरवर्षी दिसतात.

थंडीवरून आठवलं. जाड कोट पुण्यात घेऊ नकोस, तो तिथल्या वाऱ्याला पुरत नाही. ऑक्टोबरमध्ये तिथेच घे, गुडघ्यापर्यंत येणारा. बूट मात्र वॉटरप्रूफच हवेत, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि साध्या चामड्यावर त्याचे पांढरे डाग बसतात. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसलं की निघतात.

शिकागोच्या ओहेअर विमानतळाहून शॅम्पेनची बस अडीच-तीन तास घेते. विमान उतरण्याची वेळ आणि बसची वेळ यांत तीन तास ठेव, आणि शेवटच्या बसवर विसंबून राहू नकोस.

कळावे.