च्युइंगगम मागणाऱ्या पोराला काय सांगायचं?

शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांत च्युइंगगमविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. त्यातले सहा इथे घेतले आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. थोरला नऊ वर्षांचा, तो च्युइंगगम खातो म्हणून यालाही हवं असतं. नाही म्हटलं की घर डोक्यावर घेतो. अर्धं तोडून दिलं तर चालेल का? नेमकं कितव्या वर्षापासून द्यावं?
– एक आई, फोंडा

उत्तर : साडेतीन वर्षांच्या मुलाला अर्धंही नको. चार वर्षांच्या आत तर मुळीच देऊ नये, आणि आमचं विचाराल तर पाच-सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबा. घरोघरी भीती असते ती पोटाची, पण खरा धोका श्वासनलिकेला आहे. या वयात ती जेमतेम मुलाच्या करंगळीएवढी असते. शेंगदाणा अडकला तर त्याचा आकार ठरलेला असतो, बाजूने थोडीफार हवा जायला वाव राहू शकतो. च्युइंगगम मऊ आणि चिकट, ते जिथे अडकेल तिथलाच आकार घेतं आणि बुचासारखं बसतं. त्यातही सगळ्यांत वाईट म्हणजे फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या सणाच्या जत्रेत, खाज्यांच्या गाड्याशेजारी मिळणारे रंगीत गोल गोळे. गुळगुळीत, गोल, आणि चावायच्या आधीच घसरून घशात जाणारे.

वयापेक्षा एक साधी परीक्षा जास्त उपयोगी पडते. दात घासल्यावर मुलाला चूळ भरून सगळा फेस थुंकता येतो का, की तो गिळतो? पेस्ट गिळणारं मूल च्युइंगगमही गिळणारच. दुसरं, सांगितल्यावर दहा मिनिटं एका जागी बसतं का? आणि तिसरं, 'तोंडातलं काढून कागदात दे' म्हटलं की लगेच देतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर सहाव्या वर्षानंतर, बिनसाखरेचं, अर्धा तुकडा, जेवणानंतर, बसून, दहा-पंधरा मिनिटं. धावताना, उड्या मारताना, झोपायच्या आधी किंवा आडवं होऊन कधीच नाही. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडात तर नकोच. गतिरोधकावर गाडी आपटली की मूल दचकून श्वास आत ओढतं, तोंडात असेल ते त्याबरोबर आत जातं.

थोरल्याला दोन गोष्टी बजावा : धाकट्यासमोर चघळायचं नाही आणि आपल्यातलं तोडून त्याला द्यायचं नाही. धाकट्याची समजूत म्हणून लिमलेटची गोळी देऊ नका, तीही तशीच अडकते. त्याला चावायलाच काही हवं असेल तर पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) काकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, दुधात बुडवून, मऊ करून, जवळ बसून द्या.

प्रश्न : समजा अडकलंच, तर घरात नेमकं काय करायचं? आमच्याकडे घशात काही अडकलं की भाताचा गोळा गिळायला देतात.
– वाचक, मडगाव

उत्तर : भाताचा गोळा माशाच्या काट्यासाठी देतात. काट्यालाही तो फारसा चांगला उपाय नाही, पण श्वास अडकला असताना तर भात, केळं, पाणी यांतलं काहीही तोंडात घालायचं नाही.

मूल जोरात खोकतंय, रडतंय, बोलतंय म्हणजे हवा जातेय. त्याला खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका. खोकला हाच सगळ्यांत चांगला उपाय असतो. मात्र आवाज फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळसर होतायत असं दिसलं तर क्षणही घालवू नका. एकाने १०८ला फोन लावायचा. दुसऱ्याने मुलाच्या बाजूला, थोडं मागे उभं राहून एक हात त्याच्या छातीखाली घालून त्याला पुढे वाकवायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन खांद्यांच्या मधोमध ५ जोरदार फटके द्यायचे. नाही निघालं तर मागून मिठी घालून मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरून ५ वेळा आत आणि वर झटका द्यायचा. गोष्ट निघेपर्यंत ५ फटके, ५ झटके हा क्रम चालू ठेवायचा. ही रीत एक वर्षावरच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात, त्याऐवजी छातीच्या मधोमध दाबायचं.

मूल बेशुद्ध झालं तर कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, ३० दाब आणि २ श्वास. दर वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा. दिसलं तरच काढा. न दिसता बोट घालून चाचपडलं तर अडकलेलं आणखी खाली जातं, आणि ही चूक फार वेळा होते.

निघालं तरी पोटावर झटके दिले असतील तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. आणि प्रसंग टळल्यावर दोन-चार दिवस खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज राहिला तर 'सर्दी असेल' म्हणू नका. च्युइंगगम साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून काय झालं होतं ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

प्रश्न : नातीने काल च्युइंगगम गिळलं. आतडी चिकटतात असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. एरंडेल द्यावं का?
– एक आजी, पेडणे

उत्तर : एरंडेल नको, आजी. आणि आतडी चिकटत नाहीत. च्युइंगगममधली साखर, चव, मऊपणासाठी घातलेले पदार्थ पोटात विरघळतात. उरतो तो रबरासारखा गाभा. तो पचत नाही हे खरं, पण न पचणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण खातो. मक्याच्या दाण्याची साल जशी बाहेर पडते, तसाच हाही शौचावाटे जातो, बहुधा दोन-तीन दिवसांत.

गंमत म्हणजे हा गाभा पूर्वी चिकूच्या झाडाच्या चिकापासून करायचे. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, आणि तिथे त्या चिकाला 'चिकले' म्हणतात. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठांना जे चिकटतं, तेच ते. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम रबर आणि राळ वापरतात.

एखाद्या वेळी गिळलं तर काहीही करायची गरज नाही. रोज गिळायची सवय मात्र वेगळी. १९९८मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा काही मुलांची नोंद केली. त्यांतला साडेचार वर्षांचा एक मुलगा दिवसाला ५ ते ७ च्युइंगगम गिळायचा, आणि त्याला दोन वर्षं बद्धकोष्ठता होती. गोळे एकमेकांना चिकटून शौचाची वाट अडली होती. दीड वर्षाच्या एका मुलीच्या अन्ननलिकेत नाणी च्युइंगगमने चिकटून बसली होती. म्हणून नातीला वारंवार उलट्या झाल्या, पोट फुगलं, शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, किंवा च्युइंगगमबरोबर नाणं, चिंचोका असं काही गिळल्याचा संशय असेल, तर थांबू नका. नाहीतर नेहमीचं जेवण, पाणी, आणि खेळायला सोडा.

प्रश्न : मुलीच्या लांब केसांत बबलगम चिकटलं. कापावेच लागतील का?
– वाचक, साखळी

उत्तर : कात्री ठेवून द्या. फणस कापताना हाताला आणि सुरीला खोबरेल का लावतो, ते आठवा. चीक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. च्युइंगगमचंही तसंच.

आधी बाकीचे केस बाजूला बांधून ठेवा, म्हणजे पसरणार नाही. दोन चमचे खोबरेल त्या गोळ्यावर आणि भोवतालच्या केसांवर लावा. डिसेंबरातल्या सकाळी बाटलीतलं तेल थिजलेलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. पाच मिनिटं बोटांच्या चिमटीत चोळत राहा. गोळ्याचा चिकटपणा जाऊन तो भुरभुरीत होतो. मग जुन्या सुती कापडाने टाळूपासून टोकाकडे ओढत पुसून काढा, शेवटी मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून वर न्या. शँपू दोनदा लागेल. गरम पाणी सुरुवातीला ओतलं तर च्युइंगगम आणखी मऊ होऊन पसरतं. रॉकेल, पेट्रोल मुलाच्या डोक्याजवळही नको.

गणवेशावर चिकटलं असेल तर उलट रीत. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झालं की बोथट सुरीने खरवडून काढा, डाग राहिला तर थोडं तेल आणि मग साबण.

प्रश्न : 'शुगर फ्री' लिहिलेलं असेल तर सातव्या वर्षी चालेल ना? पाकिटावर आकडे असतात त्यांचा अर्थ काय?
– वाचक, पर्वरी

उत्तर : साखरेच्या च्युइंगगमच्या एका पट्टीत साधारण २ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. आकडा छोटा वाटतो, पण चघळणं लांबतं तसा जंतूंना खुराक मिळत राहतो. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. म्हणून द्यायचंच तर बिनसाखरेचं. जेवणानंतर २० मिनिटं ते चघळल्याने लाळ वाढते, आम्ल धुतलं जातं. फळांच्या आंबट चवीची मात्र टाळा, त्यांत सायट्रिक आम्ल असतं.

घटकांच्या यादीतले हे आकडे साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थांचे : ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. जंतूंना झायलिटॉल पचवता येत नाही, म्हणून दातांसाठी ते चांगलं. पण हे तिन्ही जास्त खाल्ले की पोट फुगतं, जुलाब होतात. मुलाला दिवसाला एकापेक्षा जास्त देऊ नका. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते वर्ज्य. काही पाकिटांवर 'लहान मुलांसाठी नाही' असंही छापलेलं असतं, तेवढं वाचूनच घ्या.

घरात कुत्रा असेल तर आणखी एक. झायलिटॉल माणसाला चालतं, कुत्र्याला विष. १० किलोच्या कुत्र्याची रक्तातली साखर १ ग्रॅमनेही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि काही च्युइंगगमच्या एकाच तुकड्यात तेवढं असतं. व्हरांड्यात टाकलेल्या दप्तरात नाक खुपसणारे कुत्रे कमी नाहीत. पाकीट उंच फळीवर ठेवा, कुत्र्याने खाल्लंच तर उलटी व्हायची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीचं डोकं सारखं दुखतं. चष्मा तपासला, नंबर नाही. दिवसभर च्युइंगगम चघळत असते.
– वाचक, वास्को

उत्तर : एक महिना च्युइंगगम पूर्ण बंद करून बघा. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी ६ ते १९ वर्षांच्या, जुनाट डोकेदुखी असलेल्या आणि रोज च्युइंगगम खाणाऱ्या ३० मुलांना हेच सांगितलं. १९ जणांची डोकेदुखी पूर्ण थांबली, ७ जणांची कमी झाली. सतत चघळल्याने कानापुढचा जबड्याचा सांधा आणि कानशिलाचे स्नायू ताणतात. मुलगी तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो का, सकाळी जबडा आखडलेला असतो का, तेही विचारा. महिन्यात फरक पडला नाही, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या, अंधूक दिसणं असं काही असेल, तर लगेच डॉक्टरांकडे.