वाचकांचे प्रश्न : आधी यादी वाचून दाखवा म्हणावं

या वेळी सगळ्यात जास्त पत्रं एकाच विषयावर आली. नगरपालिका-महापालिका गरिबांच्या नावाने जो पैसा खर्च करते आणि शहर सुधारायचं म्हणून जी कामं काढते, त्यावर लक्ष कोणी ठेवायचं आणि कसं. डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, मग जानेवारीत जळगाव-धुळ्याच्या, त्यामुळेही असेल. चार पत्रं घेतलीत, काहींची नावगावं मुद्दाम दिली नाहीत कारण त्यांना तिथेच राहायचं आहे.

जळगावहून एक निवृत्त शिक्षक

ताई, आमच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२३ ला संपली, तेव्हापासून नवीन नगरसेवक येईपर्यंत प्रशासक होते. त्या काळात घरकुल, बचत गट, वस्ती सुधारणा यावर किती खर्च झाला हे विचारावं असं मनात आहे पण आमच्या गल्लीतले लोक म्हणतात सर, मागचं कशाला उकरता, आता नवीन लोक आलेत त्यांना काम करू द्या. विचारता येतं का?

येतं सर, आणि विचाराच. उकरणं वगैरे काही नाही त्यात. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती झाली त्यात बारावी अनुसूची आली, शहरांच्या संस्थांकडे द्यायची १८ कामं तिथे लिहिलीयेत, त्यातलं दहावं काम झोपडपट्टी सुधारणा आणि अकरावं शहरी गरिबी कमी करणं. म्हणजे हे काम कोणी मेहरबानी म्हणून करत नाहीये, रस्ते-पाण्यासारखंच ते पालिकेचं काम आहे आणि त्याचा हिशोबही तसाच द्यावा लागतो.

नेहमी काय होतं तर आयुक्त बजेट मांडतात, ते स्थायी समितीपुढे जातं जिथे १६ लोक बसतात, मग महासभेपुढे. जळगावला ७५ नगरसेवक, धुळ्याला ७४, त्यातला एखादा तरी उठून विचारतो की साहेब माझ्या प्रभागातल्या वस्तीचं काय झालं. दोन्हीकडे २०२३ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत हे विचारणारं कोणी नव्हतं, प्रशासक म्हणून बसलेला अधिकारीच बजेट मांडणारा, मंजूर करणारा तोच आणि खर्च करणाराही तोच. मी असं म्हणत नाहीये की अधिकाऱ्यांनी खाल्लं, काहींनी चांगलं काम केलेलं मी स्वतः बघितलंय, पण प्रश्न विचारायची जागाच बंद होती हे खरं आणि म्हणून त्या काळाचे कागद आता नवीन महासभेपुढे यायलाच पाहिजेत.

कागद कोणते तर पहिलं बजेटचं पुस्तक. त्यात तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात, लोक पहिला रकाना वाचून खूश होतात आणि पुस्तक मिटतात. तुम्ही शेवटचा वाचा. महिला-बालकल्याणाचे ५ टक्के, मागासवर्गीयांसाठीचे ५ टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के, या हेडवर म्हणजे खर्चाच्या सदराखाली तरतूद किती होती आणि ३१ मार्चला खर्च किती पडला हे नुसतं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढा, अर्धं काम तिथेच होतं. दुसरं ऑडिट. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक स्थायी समितीला अहवाल देतो, नगरपालिकांचं ऑडिट राज्याचं स्थानिक निधी लेखापरीक्षा खातं करतं, त्यात आक्षेपांचे पॅरा असतात आणि ते वर्षानुवर्षं 'अनुपालन प्रलंबित' म्हणजे पूर्तता बाकी म्हणून पडून राहतात. कोणता पॅरा किती वर्षं पडून आहे, बस एवढंच विचारा.

तिसरा कागद लाभार्थ्यांची यादी आणि माझ्या मते खरी तपासणी तिथेच होते सर. बजेटचा आकडा तुम्हा-आम्हाला कळेल, वस्तीतल्या बाईला तिचं स्वतःचं नाव कळतं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावात (नाव नको) आम्ही शिलाई मशिन वाटपाची यादी माहिती अधिकारात काढली आणि संध्याकाळी वस्तीतल्या निंबाखाली बसून मोठ्याने वाचली, सातव्या-आठव्या नावाला एक म्हातारी उभी राहिली, "माय वं, मनं नाव शे का तठे? मशिन ते मना घर उनंच नही." त्या दिवशी बाकी काही वाचायची गरजच पडली नाही. पुढचे दोन महिने तिच्याबरोबर ऑफिसात जाणं-येणं झालं, मशिन मिळालं, पण यादी वाचलीच नसती तर कागदावर ती शिवणकाम करून कमावती झालेली बाई होती.

माहिती अधिकाराचा अर्ज साधा असतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर तिथेच पहिलं अपील, तरी नाही तर ९० दिवसांच्या आत नाशिकच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही म्हणून अर्ज वस्तीतल्या माणसाच्याच नावाने टाका, त्यालाही वाटतं की हे माझं काम आहे. आणि आणखी एक, सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत जाऊन फाईल स्वतः बघता येते, २०१८ चा शासन निर्णय आहे तसा. जाताना वही-पेन न्या.

अमळनेर भागातून बचत गटाच्या सेक्रेटरी

ताई नमस्कार, माझे सासरे मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हापासून घर बायकांच्याच कमाईवर चालतं. आमच्या गटाला १० हजार फिरता निधी मिळाला होता, पापड-कुरडईचं काम सुरू केलं. आता म्हणतात ती योजना बंद झाली. मग आम्ही कोणाला विचारायचं?

खान्देशातल्या किती घरांची गोष्ट सांगितलीत तुम्ही. जळगाव, अमळनेर, धुळं, चाळीसगाव, चारही गावांत कापडगिरण्या होत्या आणि भोंगे बंद झाल्यावर पुरुषांना काम मिळालं नाही तेव्हा घर बायकांनी पापड-शेवया-खानावळीवर ओढलं. म्हणून गरिबी कमी करायच्या कामाचा हिशोब करताना बचत गट ही बारीक बाब नाहीये.

तुमचा १० हजाराचा फिरता निधी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातला. गटांच्या वस्तीस्तर संघाला ५० हजार मिळायचे आणि बँकेच्या कर्जावर ७ टक्क्यांच्या वरचं व्याज सरकार भरायचं. ते अभियान ३० सप्टेंबर २०२४ ला संपलं हे बरोबर. पण अभियान संपलं म्हणून झालेल्या कामाचा हिशोब संपत नाही ना. तुमच्या नगरपालिकेत किती गट झाले त्यातले आज किती चालू आहेत, किती गटांना बँकेने दुसऱ्यांदा कर्ज दिलं, व्याजाचे पैसे खात्यात आले का, हे सभेत मांडायला तुमच्या नगरसेवकाला लेखी द्या, तोंडी नको. गट किती स्थापन झाले हा आकडा ऑफिसात लगेच मिळतो, किती जिवंत आहेत हा मिळत नाही, तो तुम्हीच काढू शकता कारण कोणत्या गल्लीत कोणता गट मोडला हे तुम्हाला माहितीये. महिला-बालकल्याणच्या ५ टक्क्यांतून तुम्हाला विक्रीची जागा किंवा पॅकिंगचं मशिन मागता येतं का हेही विचारून घ्या, बजेट मार्चच्या आत मंजूर होतं म्हणून मागणी जानेवारी-फेब्रुवारीत गेली पाहिजे, उन्हाळ्यात कुरडया घालायच्या वेळी मागितली तर वर्ष गेलं.

खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या गावातून, भरीत-भाकरीची गाडी लावणारे

ताई, आमच्या गावात नदीकाठ सुशोभित करायचं काम निघालं. लाईटी, बाकडे, चालायला रस्ता. चांगलंच आहे, पण आम्ही २० वर्षांपासून तिथे गाड्या लावतो, एक दिवस सकाळी पालिकेची गाडी आली आणि सामान उचलून नेलं, पावती पण नाही. गाव सुधारतंय तर आम्ही मध्ये कशाला असं सगळे म्हणतात.

भाऊ, तुम्ही 'मध्ये' नाहीत. गाव सुधारतं ते कोणासाठी हाच तर प्रश्न आहे आणि तो सभेत विचारायचा असतो, टेंडर निघायच्या आधी.

तुमच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कोणाला उठवता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस, सामान जप्त केलं तर त्याची यादी सही करून हातात द्यायची, नाशवंत माल तुम्ही मागायला गेलात त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा. तुमच्या वांग्यांचं आणि भाकरीच्या पिठाचं काय केलं, कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने, हे लेखी विचारा. यादी दिली नसेल तर 'यादी दिली नाही' असं लेखी घ्या, तोही कागदच आहे.

आणि फक्त स्वतःच्या गाडीसाठी भांडू नका. प्रत्येक नगरपालिकेत नगर पथविक्रेता समिती असायला पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के लोक विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या गावात ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, नदीकाठचा आराखडा तिच्यापुढे ठेवला होता का, हे तीन प्रश्न. माझा अनुभव असा की सुशोभीकरणाच्या डीपीआरमध्ये म्हणजे कामाच्या सविस्तर अहवालात बाकडे किती, खांब किती, टाईल्स कुठल्या हे सगळं असतं पण त्या जागेवर आज पोट भरणारी माणसं किती हे एका ओळीतही नसतं. त्या ओळीसाठी भांडायचं. काठावर गाड्यांसाठी ओटे आणि पाण्याचा नळ टाकला तर काठ जास्त जिवंत राहतो भाऊ, रात्री नऊनंतर नुसत्या लाईटीखाली कोण येऊन बसणार आहे.

पीएम स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं, कर्ज घेतलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा, तुम्ही विक्रेते आहात याचा तो पुरावा आहे. ती योजना मार्च २०३० पर्यंत वाढवलीये आणि पहिलं कर्ज आता १५ हजारांपर्यंत मिळतं. ज्या माणसाला एका हाताने धंद्याला कर्ज दिलं त्याचीच गाडी दुसऱ्या हाताने उचलली, हे अगदी असंच सभेत बोललं गेलं पाहिजे.

नव्याने निवडून आलेल्या एक नगरसेविका

ताई, डिसेंबरात निवडून आले. मी दहावी शिकलेली, कामाची भीती नाही पण सभेत बोलायची भीती वाटते. पहिल्या सभेत ३०-४० विषय होते, वाचायच्या आत मंजूर मंजूर झालं. घरचे म्हणतात सगळे करतात तिथे सही करून दे, जास्त विचारू नको. माझ्या प्रभागात झोपडपट्टी आहे, त्यांनीच मला निवडून दिलंय. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला भीती सभेत बोलायची वाटते, मला न वाचता केलेल्या सहीची वाटते, आणि का ते सांगते. आपल्याच जळगावात नगरपालिका होती तेव्हा झोपडपट्टीतल्या लोकांसाठी ११ हजारांवर घरकुलं बांधायची ठरली, पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास. २००६ मध्ये त्या वेळच्या आयुक्तांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यात माजी मंत्र्यांपासून त्या वेळच्या नगरसेवकांपर्यंत लोक होते. पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं. कोर्टाचं कोर्टात, पण माझ्या डोक्यातून दोन गोष्टी जात नाहीत. घरकुलाची वाट बघणारी माणसं पत्र्याखालीच राहिली, आणि ठराव ज्यांच्या हातून झाले त्यांना इतक्या वर्षांनी त्याचा जाब द्यावा लागला. घरच्यांना हे शांतपणे सांगा, ते तुमच्या काळजीनेच बोलत असतील.

आता काम. अजेंडा सभेच्या काही दिवस आधी येतो, त्यातले सगळे ४० विषय वाचायचा प्रयत्न करू नका, दमून जाल. तुमच्या वस्तीशी संबंधित दोन-तीन निवडा, त्याची टिपणी मागा म्हणजे त्या विषयाची फाईल, किती पैसे, कोणत्या हेडमधून आणि लाभार्थी कोण. गरिबांसाठीच्या हेडचे पैसे दुसरीकडे वळवायचा विषय असेल तर तो सोडूच नका. सगळ्यात जास्त लक्ष 'आयत्या वेळच्या विषयां'वर ठेवा, जे अजेंड्यावर नसतात आणि शेवटी घाईत येतात तेव्हा निम्मे लोक चहाला उठलेले असतात. तेव्हा तुम्ही बसून राहा. समजलं नाही तर उभं राहून एवढंच म्हणा, "अध्यक्ष, हा विषय मला समजला नाही, कागद द्या आणि पुढच्या सभेत घ्या, माझं हे बोलणं इतिवृत्तात नोंदवा." भाषण येत नसलं तरी चालतं, हे एक वाक्य पाठ करा. सभा झाल्यावर इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या आणि तुमचं वाक्य आलंय का बघा, नसेल आलं तर लेखी पत्र देऊन पोच घ्या.

घरकुलाचं म्हणाल तर तुमच्या वस्तीत पैसे अडण्यापेक्षा जागेचा कागद अडलेला असण्याची शक्यता जास्त. स्वतःच्या जागेवर बांधायला प्रधानमंत्री आवासमध्ये केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळायचे, पण जागा नावावर नाही म्हणून नाव यादीतच नाही, आणि कागदावर मात्र 'मागणी नाही' असं दिसतं. वस्तीत किती घरांकडे पट्टा म्हणजे जागेच्या हक्काचा कागद आहे आणि किती घरांकडे नाही हे दारोदार जाऊन वहीत लिहा, दोन रविवार लागतील, बरोबर वस्तीतल्याच दोन शिकलेल्या पोरी घ्या. हे ऑफिसात कोणाकडे नसतं. ती वही घेऊन तुम्ही सभेत उभ्या राहिलात की मग दहावी-बारावी कोणी विचारत नाही.

आणि एकट्या राहू नका. आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तुमच्यासारख्याच अजून दोघी-तिघी गप्प बसलेल्या असतील, पक्ष कोणताही असू दे, सभेच्या आदल्या दिवशी एकीच्या घरी बसून अजेंडा वाचा. पुढच्या सभेचा अजेंडा हातात आला की मलाही पाठवा, तुमच्या वस्तीचे विषय कोणते ते आपण मिळून खुणा करून काढू.