ठिपके गेले, पुन्हा आले!

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात दोन क्लाऊन मासे, एक क्लीनर श्रिम्प (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी कोळंबी) आणि लाईव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र खडक) आहे. गेल्या महिन्यात हौसेने ब्लू टँग मासा आणला. आठवड्याभरात त्याच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसू लागले. दुकानदाराने तापमान ३० अंशांवर न्यायला सांगितलं आणि एक 'रीफ सेफ' (पोवळी-कोळंबीला न मारणारं) औषध दिलं. चार दिवसांत दाणे गेले, पण आता दुपटीने आलेत, क्लाऊनवरसुद्धा. टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) घालू का? की श्रिम्प साफ करील सगळं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोठ्या टँकमध्ये कॉपरचा थेंबही घालू नका. श्रिम्प मरेल, शिवाय रॉक आणि वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे मात्रा कधीच स्थिर राहत नाही.

ते चार दिवसांचं कौतुक औषधाचं नव्हे. हा रोग म्हणजे खाऱ्या पाण्यातला 'व्हाईट स्पॉट'. त्याचा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून गळून पडतो. मग वाळूला, रॉकला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे शंभर-दोनशे होतात. ते बाहेर पडले की त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. कातडीखाली नाही, कवचात तर नाहीच. श्रिम्पचंही तेच : कातडीखालचं त्याला काय दिसणार! लसणाचा रसही अनेक जण सुचवतील. मासा आवडीने खातो, एवढाच त्याचा उपयोग.

आणि तापमान? तो गोड्या पाण्यातल्या व्हाईट स्पॉटचा उपाय. तो परजीवी वेगळा. इथे उष्णतेने चक्र फक्त लवकर फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, तोही धापा टाकणाऱ्या माशांसाठी. २६-२७ अंशांवर परत या.

आता कामाचं. तिन्ही मासे बाहेर काढा, ज्याच्यावर दाणे नाहीत तोही. साठ-सत्तर लिटरचा प्लॅस्टिकचा क्रेटही चालेल. त्यात हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, रॉक नाही. कॉपर चिलेटेड (दुसऱ्या रेणूंना बांधलेलं) घ्या आणि मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत बाटलीवरच्या पातळीला न्या. साधं आयॉनिक (न बांधलेलं) कॉपर ०.२ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.२ भाग) आत ठेवतात, चिलेटेड त्याच्या कितीतरी पट, म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर मासे जातील किंवा परजीवी वाचतील. टेस्ट किटही त्याच प्रकारच्या कॉपरचं हवं. पातळी महिनाभर टिकवा.

पण या महिन्यात माशांना खरा धोका कॉपरचा नसतो, अमोनियाचा असतो, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाचा. नवा स्पंज अमोनिया पचवू शकत नाही. रोज मोजा, पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळून ठेवा. अमोनिया 'बांधणारी' रसायनं कॉपरबरोबर घालू नका, कॉपर विषारी होतं.

कॉपरची धास्ती वाटत असेल तर त्याच क्रेटमध्ये पाण्याचा खारेपणा उतरवून विशिष्ट गुरुत्व १.००९ वर महिनाभर ठेवायचा मार्ग आहे. त्याला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारं उपकरण) हवाच. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर मी हा उपाय करू देणार नाही.

एक मात्र आज रात्रीच बघा. मासे भराभर श्वास घेत पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभे आहेत का, टॉर्चच्या तिरप्या उजेडात अंगावर बारीक धुळीसारखी सोनेरी झाक दिसते का? तसं असेल तर तो व्हेल्वेट, वेगळ्याच परजीवीचा रोग. दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करतो आणि खारेपणा उतरवून जात नाही. तेव्हा कॉपरच, आणि लगेच.

मोठा टँक ७६ दिवस माशांविना चालू ठेवा, म्हणजे मासा न मिळून तिथले परजीवी संपतील. श्रिम्पला अधूनमधून खायला घाला. जाळी आणि बादली दोन्हीकडे एकच वापरू नका, ओला हातही नाही.

न विचारलेलं एक सांगते. ब्लू टँग फूटभर वाढतो आणि व्हाईट स्पॉट सर्वांत आधी त्यालाच धरतो. दोनशे लिटरमध्ये त्याला नीट पोहताही येत नाही. बरा झाला की मोठा टँक असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. ७६ दिवसांनी परत सोडायचे ते दोन क्लाऊन.