प्रकाशकाच्या करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय, सही करू का?

आत्ताच करू नका, ताई. तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: दर्यापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांवर तुमची पीएचडी झाली, एक प्रकाशक तिचं पुस्तक काढायला तयार आहे, करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी प्रकाशकाकडे' असं वाक्य आहे, आणि आतल्या उताऱ्यांच्या, फोटोंच्या परवानग्या मात्र 'लेखकाची जबाबदारी' म्हणून तुमच्याच गळ्यात आहेत.

मी पुण्याच्या एका अभ्यासग्रंथ काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेत करार आणि परवानग्यांचं काम बघतो. चार वर्षांपासून दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावातून, लाइन असली तर. वकील नाही. पण मी टेबलाच्या पलीकडे बसतो, त्यामुळे लेखकाने कोणतं वाक्य खोडलं की प्रकाशक मुकाट मान्य करतो ते मला माहीत आहे.

आपल्याकडे शेत मक्त्याने द्यायचं तर कोणी खरेदीखतावर सही करत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसं हेच करून बसतात. 'हक्क हस्तांतरित' म्हणजे खरेदीखत. 'प्रकाशनाचा परवाना' म्हणजे मक्ता. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याचं कलम 19 वाचा. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे करार मोघम असता तर तुमचाच फायदा होता. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द म्हणूनच घातलेत. त्याच कलमात असंही आहे की घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर हस्तांतर संपतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ते 'वेगळं' लिहिलेलं आहे का बघा. असेल तर खोडायला सांगा, नाहीतर हस्तलिखित त्यांच्या कपाटात पडून राहील आणि तुम्ही दुसरीकडेही देऊ शकणार नाही.

तुमच्या जागी मी एवढंच देईन: मराठी छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक यांचा परवाना, 7 किंवा 10 वर्षांसाठी. अनुवाद आणि ध्वनिमुद्रण माझ्याकडे. प्रती संपल्या आणि मी लेखी मागूनही 6 महिन्यांत पुन्हा छापलं नाही तर हक्क परत. यातलं बहुतेक सगळं मिळतं. लोक मागतच नाहीत.

रॉयल्टी कशावर तेही विचारा. 400 रुपयांच्या पुस्तकावर 10 टक्के म्हणजे प्रतीमागे 40 रुपये. पण करारात 'निव्वळ प्राप्तीवर' असेल आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली असेल, तर तेच 24 होतात. आणि हे लोक उलट तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर बोलणंच थांबवा. बढतीच्या गुणांसाठी 'आयएसबीएनसह पुस्तक' विकणारी दुकानं आहेत. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात तो फुकट मिळतो. छपाईचा खर्चही तुम्ही करायचा आणि हक्कही त्यांना द्यायचे, हा कुठला हिशोब?

आता परवानग्या. खरं काम इथे आहे.

तुम्ही लिहिलंय की प्रस्तावनेत गांधीजी, तुकडोजी महाराज आणि विनोबा यांचे मोठे उतारे आहेत. हिशोब सोपा आहे. लेखकाचा मृत्यू ज्या वर्षी झाला त्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं. गांधीजी 1948 मध्ये गेले, त्यांचं लेखन 1 जानेवारी 2009 पासून खुलं आहे. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत परवानगी लागते. विनोबा 1982 मध्ये गेले, म्हणजे 2042 संपेपर्यंत. सेवाग्राम, मोझरी, पवनार, तिघांचेही आश्रम आपल्या विदर्भातलेच, पण तिघांची तारीख वेगळी. त्यातही खोच अशी की गांधीजींचा मराठी अनुवाद तुम्ही घेतला असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. अनुवादक कोण, कधी गेला, ते बघा, नाहीतर मुळावरून स्वतः अनुवाद करा.

चर्चेसाठी, समीक्षेसाठी चार ओळी घेतल्या आणि त्यावर तुम्ही काही बोललात, तर कलम 52 खाली परवानगी लागत नाही. 'तीनशे शब्दांपर्यंत चालतं' वगैरे जे ऐकलंय ते आपल्या कायद्यात कुठेही नाही. कोणाची अख्खी कविता प्रकरणाच्या सुरुवातीला शोभेसाठी टाकली असेल तर मात्र पत्र लिहावंच लागेल.

पत्रात नेमकं लिहा: कोणत्या पुस्तकाचं कोणतं पान, किती ओळी, तुमच्या पुस्तकाच्या किती प्रती, आणि 'छापील व ई-पुस्तक दोन्ही'. हे शेवटचे शब्द आम्ही एकदा विसरलो. नकाशाची परवानगी फक्त छापील प्रतीची होती, ई-पुस्तक निघालं, आणि पत्र आल्यावर आम्हाला नकाशा काढून तिथे राखाडी चौकोन ठेवावा लागला. तो चौकोन अजून आहे. लेखक मला अजून विचारतात. आणि हो, उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे.

फोटो तुम्ही स्वतः काढलेत, ते तुमचे. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढून घेतलेत, तेही आपल्या कायद्याने, वेगळं ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचे. जुन्या अंकातून स्कॅन केलेल्यांसाठी मात्र विचारावं लागेल.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध सगळ्यांना वाचायला ठेवतात त्या संकेतस्थळावर, आधीच चढलेला असेल. ते प्रकाशकाला आजच लेखी सांगा, कारण करारात 'हे लेखन पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेलं नाही' अशी हमी असते आणि ती खोटी ठरली तर भरपाईचं कलम तुमच्यावरच चालतं.

राहिल्या ओव्या. परंपरेने आलेल्या ओवीवर कोणाचाच कॉपीराइट नाही, पण दुसऱ्या कोणी गोळा करून, निवडून, टिपा घालून छापलेला संग्रह त्याचा असतो. तुम्ही स्वतः गावोगाव जाऊन लिहून घेतलंय, तेव्हा ती काळजी नाही. अडचण वेगळीच आहे. पुस्तकात क्यूआर कोड टाकून मूळ आवाज ऐकवायचा तुमचा विचार आहे. गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर सादरकर्ती म्हणून 50 वर्षं हक्क असतो. संशोधनासाठी ध्वनिमुद्रण केलंत तेव्हा कायद्याने सूट होती. तेच विकण्याच्या पुस्तकासोबत द्यायचं तर तिची संमती हवी. शिवाय काही बायांनी ओवी तिथल्या तिथे जुळवली असेल, तर ती ओवी परंपरेची नाही, तिची स्वतःची आहे.

मी हे माझ्या मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्या बायाईले आधी वाचून दाखव, मंग आंगठा घे." तसंच करा. एका पानाचं साधं मराठी संमतिपत्र: आवाज कुठे ऐकू येईल, नाव छापायचं की नाही, काही मोबदला असेल तर किती, किती पुस्तकं भेट देणार. मोठ्याने वाचून दाखवा, घरातला एखादा माणूस साक्षीला घ्या, आणि वाचून दाखवतानाचा आवाजही फोनवर नोंदवून ठेवा. गाणारी बाई गेली की वारस शोधावे लागतात, एक मुलगी मूर्तिजापूरला, एक सुरतला, आणि सगळ्यांच्या सह्या.

प्रकाशकाला महिनाभर थांबायला सांगा, तो थांबतो. तुमच्या यादीतल्या 23 बायांपैकी दोघी ऐंशीच्या पुढच्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे या रविवारी जा.