चाळिशी लागली, ब्रश सुटला नाही: मिनिएचरवाल्यांचे प्रश्न

मिनिएचर, म्हणजे बोटाएवढे शिपायांचे पुतळे, रंगवण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हणालो होतो, मला वाटलं रंगाच्या ब्रँडबद्दल विचारतील, तर बहुतेक प्रश्न वयाचेच आले. मी स्वतः ५८ चा, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवण्यापासून सुरुवात केलेला, त्यामुळे प्रत्येक प्रश्न माझाच वाटला.

२८ मिमीच्या शिपायाचे डोळे आधी सहज काढायचो. आता प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) लावूनही चेहरा धूसर दिसतो. थांबायची वेळ आली का? (वय ४७, होटगी रोड, सोलापूर)

अजिबात नाही हो. चाळिशी म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघताना त्याला फुगावं लागतं ते मग नीट जमत नाही, एवढंच. प्रोग्रेसिव्हमधला वाचायचा भाग खाली असतो आणि साधारण ४० सेंमीच्या हिशोबाने बनवलेला असतो, आपण मिनिएचर धरतो २०-२५ सेंमीवर, मग हनुवटी वर करून काचेच्या खालच्या कडेतून बघत बसतो आणि अर्ध्या तासात मान धरते. नेहमीसारखं बसा, घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून मिनिएचरपर्यंत पट्टीने मोजायला सांगा, आणि तो आकडा चष्मावाल्याला द्या, म्हणावं फक्त ह्या अंतराचा सिंगल नंबरचा चष्मा करून द्या. मी हे ५१ व्या वर्षी केलं, त्याआधीची काही वर्षं नुसती डोळेदुखीत घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं.

भिंग घेणार असाल तर डोक्याला लावायचं, दोन्ही डोळ्यांचं घ्या. घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात ते एका डोळ्याचं स्वस्त पडतं पण त्यात खोली कळत नाही, ब्रशचं टोक मिनिएचरच्या नाकाला टेकलं की अजून हवेत आहे ते समजत नाही. आणि जास्त पॉवरच्या मागे लागू नका, +२ च्या काचेला ५० सेंमीवर स्पष्ट दिसतं, +३ ला ३३ वर, +५ ला २० वर, म्हणजे पॉवर वाढली की मिनिएचर तोंडाजवळ येतं आणि हात हलवायला जागाच उरत नाही. त्याआधी दिवा बदला. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, प्रकाश कमी आत जातो. ५००० ते ६५०० केल्विनचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे दोन एलईडी दिवे, एक डावीकडे एक उजवीकडे.

हात थरथरतो. बारीक रेघ आता सरळ येतच नाही. (वय ६३, निवृत्त)

काका, आधी डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका. थायरॉईडने होतं, दम्याच्या पंपानेही होतं, काम करताना वाढणारी थरथर वेगळी आणि हात मांडीवर शांत ठेवला असताना होणारी वेगळी, तो फरक डॉक्टरांनाच ठरवू द्या. रंगवताना दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवलेली, म्हणजे हात हलले तरी मिनिएचर आणि ब्रश बरोबरच हलतात. मिनिएचर औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपने चिकटवा, मूठभर काहीतरी हातात आलं की पकड सैल राहते. रेघ स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका, श्वास सोडता सोडता ओढा. बसायच्या आधीचा चहा नंतर घ्या. आणि ०००० नंबरचा ब्रश ठेवून द्या, त्यात रंग मावत नाही आणि टोकावरच वाळतो, चांगल्या टोकाचा १ नंबर त्याच्यापेक्षा बारीक रेघ काढतो.

एप्रिल-मे मध्ये रंग पॅलेटवरच वाळतो.

सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत वाळणारच की. डब्यात ओला स्पंज, वर बेकिंग पेपर, झाली वेट पॅलेट. पंखा अंगावर घेऊ नका, पहाटे बसा.

बाबांचं (६८) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आपलेच जुने मिनिएचर बघून म्हणतात रंग चुकलेत, आणि ब्रश हातात घेत नाहीत. काय करू?

ताई, हा प्रश्न मी दोनदा वाचला. बाबांना सांगा तुमचं काही चुकलेलं नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, इतकं हळू की आपल्याला कळतच नाही, आणि त्यातून निळे-जांभळे रंग मंद दिसतात. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ बसवतात, मग निळा एकदम अंगावर येतो. मोने हा चित्रकार १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ह्याच ऑपरेशनमधून गेला, त्यालाही नंतर रंगांनी फार त्रास दिला, तरी तो रंगवत राहिला. काही आठवडे जाऊ द्या, मेंदू जुळवून घेतो. नव्या लेन्सचा फोकस बहुतेक वेळा लांबचा ठेवतात, तेव्हा जवळचा चष्मा वेगळा लागेल, डॉक्टर हो म्हणाले की वर सांगितलं तसं अंतर मोजून करा. जुने मिनिएचर पुन्हा रंगवू देऊ नका, तसेच राहू द्या. शेजारी एक नवीन, निळ्या अंगरख्याचा ठेवा.

आधी एका मिनिएचरला आठवडा द्यायचो, आता कॉन्ट्रास्ट रंग मारून संध्याकाळी तीन होतात. फसवणूक केल्यासारखं वाटतं. (वय ४४)

फसवणूक कसली? २०१९ मध्ये सिटाडेल ह्या रंगांच्या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट आले तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, माझं चुकलं. तो पातळ रंग आपोआप खाचेत साठून गडद होतो आणि उंचवट्यावर फिका राहतो. पण काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) राखाडी, मग वरून पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं) आधी मारून घ्या, प्रकाश कुठून पडतो ते तिथं ठरतं, आणि ते ठरवायला तुमची इतक्या वर्षांची नजरच लागते. आपली सोलापुरी चादर घ्या की, नाकाशी धरली तर नुसते धागे, भिंतीला लावून मागे सरकलं की मोर दिसतो. टेबलावरचा शिपाईसुद्धा हातभर अंतरावरूनच बघतात. तर रंगवताना दर दहा मिनिटांनी हात लांब करून बघा, तिथून डोळ्याच्या जागी नुसती सावली पुरत असेल तर बुबुळ काढायचंच नाही. सरदाराचं मात्र काढा, त्याला आठवडा द्या.